प्रोग्रॅमचं मुखत्यारपत्र इन्स्टॉल करतानाच करायचं

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत भिंतीवरच्या फळीवर मी बसवलेला एक छोटा कॉम्प्युटर आहे. वजनकाटा आणि फॅट मशीन त्याला जोडलंय. किटली ओतली की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) नोंदलं जातं, पावती निघते, आणि सचिव मोबाइलच्या ब्राउझरवर सगळा हिशेब बघतात. नोंद करणाऱ्या पोराच्या समोरचा स्क्रीनही त्याच पानावर चालतो. कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. वरचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे आणि डेब पॅकेज (डेबियनवर इन्स्टॉल करायचा गठ्ठा) करून नेटवरून पाठवतो. रात्री अपडेट आपोआप बसतं, सकाळच्या दुधाआधी सगळं तयार असतं.

एका सकाळी पावणेसहाला फोन आला.

"सर, पानच उघडंना झालंय. माणसं किटल्या घिऊन हुबी हायत."

"आण्णा, कॉम्प्युटरचा दिवा लागलाय का?"

"दिवा हाय. सगळं हाय. तेवढं पान न्हाई."

मी राजारामपुरीतल्या घरातूनच त्या मशीनवर लॉगिन केलं. लॉगमध्ये एकच ओळ होती: पोर्ट ८० उघडता आला नाही, परवानगी नाही. प्रोग्रॅम ठणठणीत होता, नेट चालू होतं, डिस्कवर जागा होती. आदल्या रात्री नवी आवृत्ती बसली होती, एवढंच काय ते बदललं होतं. कारण शोधून एक कमांड दिली, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, पान उघडलं. तोवर वीसेक मिनिटं गेली होती आणि आण्णांनी २७ जणांचं दूध वहीवर उतरवून घेतलं होतं. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. त्यात एका सकाळची नोंद चुकली तर ते पैसे कुणाच्या तरी घरखर्चातले असतात. म्हणून त्या दिवशी मी ती वही स्वतः जाऊन टाइप केली.

चूक माझीच होती, प्रोग्रॅम लिहिताना नव्हे तर पॅकेज बांधताना केलेली. अशी चूक लिनक्सवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातून होते, आणि तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मराठीत कुणी नीट सांगितलेली मला सापडली नाही. म्हणून हे लिहितोय.

पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरच्या घराला असलेलं नंबर टाकलेलं दार. ब्राउझरमध्ये साधा एचटीटीपी पत्ता टाकला की तो ८० नंबरचं दार ठोठावतो. लिनक्समध्ये १०२४ च्या खालची दारं कुणीही उघडून बसू शकत नाही. जुन्या काळी एका मोठ्या मशीनवर शेकडो जण काम करायचे. खालच्या नंबरच्या दारातून उत्तर आलं तर ते मशीन सांभाळणाऱ्यानं ठेवलेल्या प्रोग्रॅमचंच असणार, एवढा भरवसा बाहेरच्याला मिळावा, म्हणून हा नियम आला. ही दारं उघडायचा हक्क रूटचा. रूट म्हणजे त्या मशीनचा कर्ता माणूस. त्याला काहीच वर्ज्य नाही: कुठलीही फाइल वाचता येते, पुसता येते, कुणाचाही प्रोग्रॅम बंद करता येतो.

मग साध्या प्रोग्रॅमला रूटचं एखादं काम करायचं असेल तर?

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात याचं उत्तर कधीचं तयार आहे. भाऊ मुंबईला नोकरीला, शेत गावाकडे. प्रत्येक सहीला त्याला येणं जमत नाही, मग तो इथल्या भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून देतो. त्याचे दोन प्रकार. कुलमुखत्यारपत्र दिलं की घेणारा माणूस विकणं, गहाण टाकणं, कोर्टात उभं राहणं सगळं करू शकतो. खास मुखत्यारपत्रात मात्र लिहिलेलं असतं तेवढंच: अमुक गटाच्या खरेदीखतावर सही करणे, बस्स. कुलमुखत्यारावर गावागावात किती घरं फुटली, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

लिनक्स ज्याच्या वळणावर बांधलं त्या युनिक्समध्ये सुरुवातीला फक्त कुलमुखत्यार होता. त्याचं नाव सेटयूआयडी. फाइलीवर एक खूण करायची, की हा प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी तो मालकाच्या हक्कानं चालेल. मालक रूट असेल तर प्रोग्रॅम रूट. ही कल्पना डेनिस रिची यांची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ सालचा आणि पेटंट मिळालं १९७९ मध्ये. कल्पना मोठीच आहे, कारण पासवर्ड बदलण्यासारखी रोजची कामं तिच्यामुळे शक्य झाली. पण ती देते ते सगळंच देते.

पिंगचं उदाहरण घ्या. समोरचं मशीन जागं आहे का, हे बघायला आपण जो पिंग वापरतो तो माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. त्याला नेटवर्कवर स्वतः घडवलेलं पाकीट सोडावं लागतं, आणि तसं कच्चं पाकीट सोडायचा हक्क रूटचा. म्हणून पिंग कित्येक वर्षं सेटयूआयडी रूट राहिला. एक हाक मारून प्रतिसाद ऐकणारा एवढासा प्रोग्रॅम, पण त्याच्या खिशात अख्ख्या घराचं कुलमुखत्यारपत्र. त्याच्या कोडमध्ये कुठे भोक निघालं की त्यातून शिरणारा थेट रूट होणार.

असं होतं का खरंच? होतं. २०२२ च्या जानेवारीत क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधली एक चूक जाहीर केली. तो तेव्हा बहुतेक लिनक्स मशीनवर आधीपासून बसवलेला असायचा आणि सेटयूआयडी रूट असायचा. चूक २००९ पासून तिथं होती. बारा वर्षांहून जास्त काळ त्या मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता, आणि चूक कशात होती? आपल्याला दिलेले शब्द मोजण्यात. प्रोग्रॅमला एकही शब्द न देता चालवलं तर काय होईल, हा विचार राहून गेला होता. एवढ्या बारीक चुकीचं एवढं मोठं नुकसान होतं ते केवळ हातात कुलमुखत्यार असल्यामुळे.

खास मुखत्यारपत्राची कल्पना लिनक्समध्ये आली १९९९ साली, २.२ आवृत्तीत. रूटच्या हक्काचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला कॅपॅबिलिटी म्हटलं. कॅप नेट बाइंड सर्व्हिस म्हणजे खालच्या नंबरची दारं उघडण्याचा हक्क. कॅप नेट रॉ म्हणजे कच्ची पाकिटं सोडण्या-ऐकण्याचा. कॅप सिस टाइम म्हणजे घड्याळ बदलण्याचा. आज असे चाळिसेक तुकडे आहेत. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. कॅप सिस ॲडमिन या एका तुकड्यात इतकी कामं कोंबली गेलीत की जाणकार त्याला नवा रूटच म्हणतात. कॅप डॅक ओव्हरराइड मिळाला की फाइलींवरच्या वाचू-लिहू नको या पाट्या निरर्थक होतात. कॅप सेट यूआयडी असलेला प्रोग्रॅम स्वतःला रूट करून घेऊ शकतो. खास मुखत्यारपत्रातही ‘सदर मिळकतीबाबत सर्व कामे’ असं वाक्य घुसडलं की ते कुलमुखत्यारच होतं. नावाला भुलू नये, आतला मजकूर वाचावा.

पण १९९९ च्या त्या व्यवस्थेत हक्क चालत्या प्रोग्रॅमजवळ असायचा. डिस्कवर पडलेल्या फाइलीला तो जोडून ठेवायची सोय नव्हती. ती आली २००८ च्या जानेवारीत, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२४ आवृत्तीत. तेव्हापासून सेटकॅप या कमांडनं फाइलीवर लिहून ठेवता येतं: ही फाइल चालवली की तिला अमुक हक्क द्या. पिंगला सेटयूआयडी काढून फक्त कॅप नेट रॉ देणं शक्य झालं.

हे लिहिलं कुठे जातं, यावर माझ्या त्या सकाळचं सगळं उत्तर आहे, म्हणून इथं जरा थांबू.

सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन तीच, पीक तेच, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात एक ओळ असते: सोसायटीचा बोजा, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा, वाटेचा हक्क. शेतात उभं राहून ती ओळ दिसत नाही, उताऱ्यावरच दिसते. फाइलीलाही असाच एक बाजूचा रकाना असतो, त्याला विस्तारित गुणधर्म म्हणतात, आणि कॅपॅबिलिटीची ओळ तिथं जाते. फाइलीच्या आतल्या मजकुरात ती नसते. फाइलींची नेहमीची यादी मागवली तर सेटयूआयडीचं ‘एस’ अक्षर दिसतं, ही ओळ दिसत नाही. ती बघायची तर गेटकॅप वेगळं चालवावं लागतं.

दुसरी गोष्ट अशी, की ही ओळ डिस्कवरच्या त्या फाइलीची असते, फाइलीच्या नावाची नव्हे. खास मुखत्यारपत्र शंकरच्या नावानं केलं आणि उद्या त्याच घरात दुसरा शंकर राहायला आला, तर निबंधक त्याची सही घेणार नाही. कर्नलचंही तसंच. पॅकेज अपडेट होतं तेव्हा जुन्या फाइलीत दुरुस्ती होत नाही. नवी फाइल शेजारी उतरवली जाते आणि मग तिला जुनीचं नाव दिलं जातं. नाव तेच, जागा तीच, पण रकाना कोरा. माझ्या प्रोग्रॅमला मी पहिल्यांदा मशीन बसवताना हातानं सेटकॅप दिलं होतं आणि विसरून गेलो होतो. अपडेटनं नवा शंकर आणून बसवला, आणि त्याला ८० नंबरच्या दाराशी अडवलं गेलं. कर्नलनं जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

कर्नल याहूनही कडक आहे. हक्क दिलेल्या फाइलीत कुणी एक अक्षर जरी लिहिलं तरी तो ती ओळ पुसून टाकतो. दस्तात खाडाखोड झाली की दस्त बाद. याचं कारण उघड आहे. हक्क ज्या कोडला दिला तोच कोड आता उरलेला नाही. फाइलीचा मालक बदलला तरी ओळ पुसली जाते. साधी कॉपी केली तर नव्या प्रतीला हक्क मिळत नाही. टारनं गठ्ठा बांधताना हे गुणधर्म घे असं मुद्दाम सांगितलं नाही, तर ते मागेच राहतात. फाइलींची नक्कल दुसरीकडे नेणाऱ्या आरसिंकलाही ते वेगळं सांगावं लागतं. मशीनची डिस्क बदलून बॅकअपवरून सगळं परत आणलं आणि ‘सगळं आहे, पण एक गोष्ट चालत नाही’ असं झालं, तर पहिला संशय इथं घ्या.

एवढं कळलं की पुढचं सरळ होतं. हक्क द्यायला स्वतः रूट लागतो. पॅकेज इन्स्टॉल होताना ते काम रूटच करत असतो. नवी फाइल नेमकी त्याच क्षणी जागेवर येते. म्हणजे मुखत्यारपत्र करायची वेळ तीच, आणि ते प्रत्येक इन्स्टॉलला, प्रत्येक अपडेटला नव्यानं करायचं. एखाद्या माणसाच्या लक्षात राहण्यावर ते सोडायचं नाही.

डेबियनच्या डेब पॅकेजच्या पोटात टारचा गठ्ठा असतो. फाइलीचा मालक आणि परवानगीची अक्षरं त्यातून सोबत येतात, म्हणून सेटयूआयडीची खूण आपोआप उतरते. कॅपॅबिलिटीची ओळ मात्र त्या वाटेनं येत नाही. त्यासाठी पोस्टइन्स्ट नावाची स्क्रिप्ट लिहावी लागते. फाइली उतरल्या की ती शेवटी चालते, आणि सेटकॅप तिच्यात. फाइल उतरल्यापासून स्क्रिप्ट चालेपर्यंत मधे थोडा वेळ प्रोग्रॅम बिनहक्काचा असतो. एकाच वेळी शे-दीडशे पॅकेज अपडेट होत असतील तर हा वेळ मिनिटांत जातो. आपला प्रोग्रॅम त्या फटीत सुरू होऊ नये, हे बघावं लागतं.

रेड हॅट, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या आरपीएम या पॅकेज पद्धतीत ही गोष्ट जास्त नीट केलेली आहे, आणि मी डेबियनवाला असूनही हे मोकळेपणानं म्हणेन. तिथं पॅकेजच्या वर्णनातच, फाइलीच्या नावाशेजारी, तिचा हक्क लिहिता येतो. आरपीएम तो स्वतः लावतं आणि स्वतःच्या दप्तरात नोंदवून ठेवतं. पुढे कधी तपासणीची कमांड दिली आणि हक्क पुसला गेला असेल किंवा कुणी वाढवला असेल, तर त्या ओळीत ‘पी’ अक्षर उमटतं. डेबियनमध्ये पोस्टइन्स्टनं काय केलं याची अशी नोंद राहत नाही.

माझ्या पोस्टइन्स्टमध्ये मी आणखी एक घोटाळा केला होता, तोही सांगतो. आधी सेटकॅप, मग फाइलीचा मालक आणि ग्रुप बदलायची ओळ. वर म्हटलंच, मालक बदलला की हक्क पुसला जातो. स्क्रिप्ट विनातक्रार पूर्ण व्हायची, इन्स्टॉल यशस्वी असं लिहून यायचं, आणि हक्काचा पत्ता नसायचा. दिवसभर डोकं आपटल्यावर कळलं. क्रम असा ठेवायचा: आधी मालक आणि ग्रुप, मग परवानग्या, सगळ्यात शेवटी सेटकॅप.

सेटकॅप ही कमांडही सगळ्या मशीनवर असतेच असं नाही. डेबियनमध्ये ती लिबकॅप२-बिन या वेगळ्या पॅकेजात येते, म्हणून आपल्या पॅकेजला ते लागतं असं जाहीर करावं लागतं. काही फाइलसिस्टिमवर असा रकानाच नसतो, तिथं ती अपयशी ठरते. मग काय करायचं? डेबियनच्या पिंगनं कित्येक आवृत्त्या याचं उत्तर असं दिलं: सेटकॅप जमलं तर ठीक, नाही तर सेटयूआयडी लावा. पिंगसाठी मला ते पटतं. तो सगळ्यांना लागतो, छोटा आहे, आणि वर्षानुवर्षं शेकडो डोळ्यांखालून गेलेला आहे. स्वतःच्या प्रोग्रॅमला मात्र ही पळवाट देऊ नका. खास मुखत्यारपत्र होत नाही म्हणून परस्पर कुलमुखत्यारपत्र करून टाकणारा वकील तुम्ही ठेवाल का? माझी स्क्रिप्ट अशा वेळी इन्स्टॉल थांबवते आणि कारण लिहिते.

आता ई आणि पी या दोन अक्षरांबद्दल. सेटकॅप देताना हक्कापुढे ती लिहावी लागतात आणि बहुतेक जण ती कुठून तरी जशीच्या तशी उचलतात. पी म्हणजे परवानगी, हा हक्क तुझ्या नावावर आहे. ई म्हणजे अंमल, तो आत्ता लागू आहे. नुसतं पी दिलं तर प्रोग्रॅमनं गरजेच्या क्षणी स्वतः मागून हक्क लागू करून घ्यायचा आणि काम झालं की सोडायचा. ज्या प्रोग्रॅमला कॅपॅबिलिटीची भाषाच येत नाही त्याला दोन्ही द्यावी लागतात, म्हणजे सुरू होतानाच हक्क लागू. अशा प्रोग्रॅमला लिहिलेले सगळे हक्क मिळणं शक्य नसेल तर कर्नल त्याला सुरूच होऊ देत नाही. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंद कप्प्यात चालवून, काम करणाऱ्यांना हा अनुभव येतो. फाइल समोर आहे, चालवायची परवानगी आहे, तरी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

हा कडकपणा जुन्या जखमेतून आलाय. २००० सालच्या जूनमध्ये सेंडमेल या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आडून एक भोक उघड झालं. सेंडमेल रूट म्हणून सुरू व्हायचा आणि नंतर शहाण्यासारखा स्वतःचा हक्क सोडून द्यायचा. पण कर्नलच्या तेव्हाच्या चुकीमुळे एखादा साधा वापरकर्ता त्याच्याकडून हक्क सोडण्याचीच कॅपॅबिलिटी आधी काढून घेऊ शकत होता. सेंडमेलला वाटायचं आपण आता साधे झालो, आणि तो रूटच राहिलेला असायचा. सुरक्षेसाठी आणलेल्या व्यवस्थेनंच सुरक्षा मोडली. २.२.१६ मध्ये ते दुरुस्त झालं. हक्क जास्त असणं धोक्याचं असतं हे आपल्याला कळतं. अर्धा हक्क काढून घेतलेला, पण ते माहीत नसलेला प्रोग्रॅमही तितकाच धोक्याचा असतो, हे त्या वेळी कळलं.

हक्क कुणाला मिळतो, यातही एक गफलत होते. फाइलीवर लिहिलेला हक्क ती फाइल चालवू शकणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. म्हणून पायथनसारख्या दुभाष्या (इंटरप्रिटर, दुसऱ्याची स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या) प्रोग्रॅमला कधीही कॅपॅबिलिटी देऊ नका. तुमची स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे, स्क्रिप्टवर सेटकॅप चालत नाही (कर्नल तिच्याकडे बघत नाही, तो दुभाष्याकडे बघतो), मग पायथनलाच देऊन टाकू, असं मी चांगल्या हुशार पोरांना करताना बघितलंय. त्या क्षणापासून मशीनवरच्या कुणाचीही कुठलीही पायथन स्क्रिप्ट तो हक्क वापरते. पॅकेजमधून असं केलं तर ते शेकडो मशीनवर एकदम होतं.

याची चांगली बाजू बघायची तर वायरशार्क बघा. नेटवर्कवरची पाकिटं पकडून त्यांचा अर्थ लावणारा हा प्रोग्रॅम प्रचंड आहे, आणि बाहेरून आलेला कसलाही मजकूर उलगडणं हेच त्याचं काम. अशाला हक्क देणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. म्हणून पाकिटं पकडायचं काम डंपकॅप नावाच्या छोट्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे दिलेलं आहे आणि हक्क फक्त त्याला. डेबियनमध्ये वायरशार्क बसवताना प्रश्न विचारला जातो, की साध्या वापरकर्त्यांना पाकिटं पकडू द्यायची का. मुळात ठेवलेलं उत्तर ‘नाही’ असतं. ‘हो’ म्हटलं तर वायरशार्क नावाचा ग्रुप तयार होतो, डंपकॅप त्या ग्रुपला दिला जातो, बाकीच्यांना तो चालवता येत नाही, आणि मग त्याला हक्क मिळतो. आधी माणसं ठरवली, मग हक्क दिला. मी माझं पॅकेज पुन्हा बांधायला बसलो तेव्हा हीच मांडणी समोर ठेवली होती.

आणि बांधताना एक प्रश्न आधी विचारला, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता: मुखत्यारपत्र लागतंय का? वजनकाटा यूएसबीच्या सिरीयल पोर्टवर असतो. तो वाचता येत नव्हता म्हणून मी सुरुवातीला प्रोग्रॅम रूट म्हणूनच चालवायचो. त्याला कुठलीच कॅपॅबिलिटी लागत नाही. डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये वापरकर्ता घातला की झालं. पोर्ट ८० चंही तसंच निघालं. मशीन सुरू होताना आपोआप चालणारी सर्व्हिस असेल तर फाइलीवर काही लिहायची गरज नाही. सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलीत दोन ओळींत सांगता येतं, की हिला साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालव, पण दार उघडायचा हक्क सोबत दे. कर्नलमध्ये याची सोय २०१५ पासून, ४.३ आवृत्तीपासून आहे. तिथं हक्क प्रोग्रॅमच्या फाइलीवर नसतो, त्यामुळे नवी फाइल आली तरी तो हलत नाही. शिवाय तोच प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी चालवला तर त्याला काही मिळत नाही. माझं दुधाचं पान आता असंच चालतं.

खुद्द पिंगनं तर हा प्रवास पूर्ण केला. साध्या वापरकर्त्यालाही हाक मारून प्रतिसाद ऐकता यावा अशी खास वाट कर्नलनं २०११ मध्ये ३.० आवृत्तीत करून दिली. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये पिंग कुठलीही कॅपॅबिलिटी न घेता बसतो. आधी सगळं, मग एक तुकडा, मग काहीच नाही.

फाइलीवरचा हक्क माझ्याकडे आता एकाच ठिकाणी उरलाय. संस्थेतला पावतीचा प्रिंटर लॅनवर हरवला की आमचा दुरुस्तीचा पोरगा एक छोटा प्रोग्रॅम हातानं चालवून तो शोधतो. त्याला कॅप नेट रॉ लागतो, आणि माणूस हातानं चालवतो म्हणून तिथं सर्व्हिसचा उपाय लागू नाही. पोस्टइन्स्ट त्या फाइलीचा ग्रुप लावते, बाकीच्यांना बंद करते, शेवटी सेटकॅप देते, आणि लगेच गेटकॅप चालवून ओळ खरंच लिहिली गेली का ते बघते.

हे नवं पॅकेज पाठवलं त्या दुपारी मी शिवाजी पूल ओलांडून संस्थेत गेलो. सकाळचं दूध संपलेलं, फरशी धुतलेली. मशीनसमोर बसून गेटकॅप पूर्ण डिस्कवर फिरवलं. ते डेबियन १२, तिथं पिंगला अजून हक्क असतो, त्यामुळे दोन ओळी हव्या होत्या, आल्या तीन. पहिली पिंगची. दुसरी आमच्या प्रिंटर शोधणाऱ्या प्रोग्रॅमची. तिसरी ओळ ‘जुने’ नावाच्या फोल्डरमधली होती: दुधाच्या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती, कॅप नेट बाइंड सर्व्हिससकट. सुरुवातीच्या दिवसांत हातानं अपडेट करताना मी जुनी फाइल पुसायचो नाही, नाव बदलून तिथं सरकवायचो. कॉपी केली असती तर हक्क मागे राहिला असता. मी फाइलच सरकवली होती, म्हणून तिची ओळही तिच्यासोबत गेली. पासवर्ड नीट न तपासणारी ती आवृत्ती, ८० नंबरचं दार उघडायच्या हक्कासह, तीन वर्षं तिथं पडून होती.

"काय घावलं का?" आण्णांनी चहा पुढे करत विचारलं.

मी ती फाइल पुसली आणि गेटकॅप पुन्हा चालवलं. दोन ओळी.